वर्गणीचे गेम की विकतचे?
नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपाशी जातो आणि कूलरसमोर बसलेली मुले एका सुट्टीत चार-पाच गेम संपवतात. अशा घराला २०१७ मध्ये सुरू झालेल्या एक्सबॉक्स गेम पाससारखी मासिक वर्गणी, म्हणजे दरमहा पैसे भरून ठरलेल्या यादीतले गेम खेळण्याची सोय, स्वस्त पडते. मात्र वर्गणी थांबली की खेळ थांबतो, शिवाय काही गेम मधूनच यादीतून जातात.

डिस्कचे तसे नाही. माझ्या भाच्याची एक डिस्क धरमपेठेतून मानेवाड्यापर्यंत तीन मित्रांकडे फिरून आली. डबीच्या कडा घासल्या आहेत, पण ती त्याची आहे आणि उद्या विकताही येईल. डाउनलोड करून विकत घेतलेला गेम मात्र खात्याशी बांधलेला परवानाच असतो, तो पुढे विकता येत नाही. म्हणून वर्षानुवर्षे खेळायचा गेम मी डिस्कवरच घेईन.