दिवसाचा कॅलरीखर्च: सूत्र, घड्याळ की वजनकाटा?

एक उदाहरण घेऊ. पुण्यात बैठं काम करणारी ३८ वर्षांची स्त्री, वजन ६२ किलो, उंची १५७ सेंटिमीटर. संध्याकाळी अर्धा तास चालते. तिला वजन उतरवायचंय, म्हणून आधी दिवसाला किती कॅलरी खर्च होतात ते हवंय. तिच्यापुढे तीन वाटा आहेत: सूत्र, मनगटावरचं घड्याळ, आणि वजनकाटा व वही.

सूत्र आधी बीएमआर काढतं, म्हणजे नुसतं पडून राहिलं तरी श्वास, हृदय, मेंदू आणि यकृत यांना लागणारी ऊर्जा. हॅरिस-बेनेडिक्टचं १९१९चं समीकरण या स्त्रीसाठी १३६१ सांगतं, मिफ्लिन-सेंट जिओरचं १९९०चं १२५०. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१०च्या अहवालातलं समीकरण तिच्या वयोगटातल्या स्त्रियांसाठी वजन गुणिले ८.३ अधिक ७८८ असं आहे. त्यातून १३०३ येतात. हे आकडे जागतिक आरोग्य संघटनेच्या समीकरणापेक्षा सुमारे ५ टक्के कमी धरलेले आहेत, कारण भारतीयांचा बीएमआर तेवढा कमी मानला गेला.

कुठलं सूत्र बरोबर यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. पण इथे सगळा फरक १११ कॅलरींचा आहे. खरी गडबड पुढच्या पायरीवर होते. बीएमआरला हालचालीच्या गुणकाने गुणायचं असतं: बैठं काम १.२, हलका व्यायाम १.३७५, मध्यम १.५५. मिफ्लिनचा आकडा घेतला तर याच स्त्रीचा दिवसाचा खर्च १५००, १७१९ किंवा १९३८ होतो. एका पर्यायावरून दुसऱ्यावर बोट सरकलं की सव्वादोनशे कॅलरी इकडच्या तिकडे! आणि आपण जवळपास सगळेच स्वतःला आहोत त्यापेक्षा जास्त हालते-चालते समजतो. आठवड्यातून तीनदा जिमला जाणारा, पण उरलेला दिवस खुर्चीत घालवणारा माणूस बिनदिक्कत 'मध्यम' निवडतो. शंका असेल तर खालची पायरी निवडा.

घड्याळाचं आकर्षण मला कळतं: काही भरायचं नाही, आकडा आपोआप समोर येतो. पण स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७मध्ये ६० जणांवर मनगटी उपकरणं तपासली, तेव्हा नाडीचे ठोके बहुतेक उपकरणांनी नीट मोजले, कॅलरी मात्र एकानेही नाही. सर्वांत चांगल्या उपकरणाची सरासरी चूकसुद्धा २७ टक्के होती, सर्वांत वाईटाची ९३ टक्के. कारण उघड आहे. घड्याळ कॅलरी मोजत नाही. नाडी आणि हालचालीवरून अंदाज बांधतं, आणि नाडी उन्हाने, चहाने, काळजीनेही वाढते. शिवाय काही घड्याळं चालण्याच्या खात्यात विश्रांतीच्या कॅलरीही धरतात. त्या अर्ध्या तासात नुसतं बसूनही पंचवीस-तीस कॅलरी गेल्याच असत्या. म्हणून 'आज ३०० जाळल्या' असं दिसलं की तेवढं जास्त खायचं, हा हिशेब कृपा करून करू नका. घड्याळाकडून पावलं घ्या. गुणक निवडताना ती स्वतःच्या समजुतीपेक्षा जास्त खरं बोलतात.

माझा कौल वजनकाट्याला आहे. चार आठवडे खाल्लेलं सगळं लिहायचं, रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्याआधी वजन करायचं, आणि पहिल्या आठवड्याची सरासरी शेवटच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून बघायची. एका दिवसाच्या आकड्यावर विसंबू नका. मीठ, पाळी, उशिराचं जेवण यांनी किलोभर सहज हलतं. समजा या स्त्रीने रोज सरासरी १६५० कॅलरी खाल्ल्या आणि दोन सरासरींमध्ये तीन आठवडे धरून ०.४५ किलो वजन उतरलं. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी, म्हणजे रोजची तूट १६५. खर्च निघाला १८१५, सूत्राच्या १७१९पेक्षा शंभरेक जास्त.

यावर नेहमीचा आक्षेप असतो की आपल्या स्वयंपाकात मोजायचं कसं? फोडणीतलं तेल, पोळीवरचं तूप, आमटी कधी दाट कधी पातळ. आक्षेप खरा आहे. एका छोट्या चमच्याभर तेलातच सुमारे ४० कॅलरी असतात. पण या पद्धतीचं बळ नेमकं इथे आहे. तुम्ही रोज सारखंच थोडं कमी मोजत असाल, तर निघालेला खर्चही तेवढाच कमी दिसेल, आणि पुढचा आहार तुम्ही त्याच चुकीच्या मापाने मोजणार असल्याने तूट बरोबरच येईल. सातत्य हवं, अचूकता नसली तरी चालेल. मात्र सोमवार ते शुक्रवार लिहून शनिवार-रविवार वही बंद ठेवली, तर सगळं वाया गेलं.

ज्यांना उद्यापासूनच सुरुवात करायची आहे त्यांनी सूत्राचा आकडा घेऊन निघावं आणि चार आठवड्यांनी काट्याने तो दुरुस्त करावा. लिहिण्याचा मनापासून कंटाळा असेल तर सूत्र आणि पावलं यांवर भागतं, फक्त दर महिन्याला वजन बघून आहार थोडा कमी-जास्त करायचा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी यातलं काहीच वजन उतरवण्यासाठी वापरू नये. पहिल्या सहा महिन्यांत स्तनपानासाठी रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. थायरॉइडचा त्रास किंवा स्टेरॉइड चालू असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. आणि पाचेक किलो उतरले की हिशेब नव्याने करा, कारण हलक्या शरीराचा खर्चही कमी होतो: या स्त्रीच्या बाबतीत सूत्रानुसार दिवसाला सुमारे ७० कॅलरींनी.