बालसंरक्षणातली पहिली नोकरी: बालगृह, जिल्हा कक्ष की सपोर्ट पर्सन?

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालंय, अनुभवाचा दाखला नाही, आणि जाहिरातीत ‘बालसंरक्षण क्षेत्रातील अनुभवास प्राधान्य’ असं छापलंय. माझ्याकडे विचारायला येणारी बहुतेक मुलंमुली याच ओळीपाशी अडतात. प्राधान्य म्हणजे अट नव्हे, एवढं आधी नीट वाचा. अनुभवाशिवाय आत जायला मला तीन दारं दिसतात. त्यातलं कुठलं निवडायचं हे ठरवताना पगाराच्याही आधी मी एक गोष्ट बघते: तुम्ही लिहिलेला अहवाल कुणी वाचून, खुणा करून परत देणार आहे का?

सगळ्यात लवकर उघडतं ते बालगृहाचं दार. तिथे माणसं सतत कमी पडतात. मूल दिवसरात्र समोर असतं, प्रत्येकाची वैयक्तिक काळजी योजना लिहायची असते, आणि मूल शब्दांत सांगत नाही ते वागण्यातून कसं सांगतं, हे इथे शिकता येतं तसं कुठेच नाही. माझी सुरुवात इथलीच. एका मुलीबद्दल मी लिहिलं होतं, ‘चपला घालून झोपते, सांगितलेलं ऐकत नाही.’ अधीक्षकबाईंनी दुसरं वाक्य लाल शाईने खोडलं आणि बाजूला लिहिलं: ‘घरी रात्री कुठे पळावं लागायचं, विचारलंस का?’ मी विचारलं नव्हतं. त्या एका ओळीने जे शिकवलं, ते दोन वर्षांच्या वर्गात शिकले नव्हते.

पण अशा बाई प्रत्येक ठिकाणी नसतात. कित्येक बालगृहांत नव्या समाजकार्यकर्त्याला रजिस्टरं भरायला बसवतात, आणि गृहमाता रजेवर गेली की तुम्हीच गृहमाता. शिवाय मुलाचं घर, त्याची वस्ती क्वचितच बघायला मिळते.

घर बघायचं असेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्ष. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेतली ही पदं कंत्राटी, मानधन एकत्रित, म्हणजे वेगळे भत्ते नाहीत. समाजकार्यकर्त्याच्या पदाला पदवी लागते, क्षेत्रीय कार्यकर्त्याला बारावीही चालते. अनुभवाचे गुण जास्त मिळतात खरे, पण लांबच्या जिल्ह्यांत अर्जच थोडे येतात, तिथे जायची तयारी ठेवा. कायदा इथे धावतपळत शिकावा लागतो. सापडलेलं मूल प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत बाल कल्याण समितीपुढे (मुलाला कुठे ठेवायचं हे ठरवणारी समिती) न्यायचं, सामाजिक तपासणी, म्हणजे मुलाच्या घरची-परिस्थितीची चौकशी, 15 दिवसांत पुरी करायची. लग्नसराईत 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर बालविवाहाची खबर येते, मग पोलीस आणि ग्रामसेवक यांना गाठायचं. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवकच. (मांडवात तोच पाहुणा म्हणून बसलेला असतो, हेही घडतं.) अडचण अशी की कामाच्या रेट्यात तुमचा अहवाल शिक्का मारून पुढे जातो. तो बरा होता की वाईट, हे कुणी सांगत नाही.

तिसरं दार फारसं कुणाला ठाऊक नाही. पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) खटल्यात मुलासोबत वैद्यकीय तपासणीपासून निकालापर्यंत उभी राहणारी सपोर्ट पर्सन. नेमणूक बाल कल्याण समिती करते. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये याबाबत निर्देश दिले. पात्रता म्हणजे समाजकार्य, मानसशास्त्र अशा विषयातली पदव्युत्तर पदवी, किंवा साधी पदवी आणि किमान तीन वर्षांचा अनुभव. म्हणजे एमएसडब्ल्यूवाल्याला कागदोपत्री अनुभव लागतच नाही! तरी पहिल्या वर्षी एकट्याने हे घेऊ नका असंच मी म्हणेन. तारखांवर तारखा पडतात, मूल दर वेळी तेच विचारतं, आणि संध्याकाळी तुम्ही ते कुणाशी बोलणार? पाठीशी एखादी संस्था, आठवड्याला केसवर बसून चर्चा, अशी सोय असेल तर मात्र याच्याइतकं शिकवणारं काम नाही. केस मिळेल तसं काम असतं, महिन्याच्या पगाराची खात्री धरू नका.

मला निवडायचं असतं तर? चांगला अधीक्षक असलेलं बालगृह वर्षभर, मग जिल्हा कक्ष. घरची जबाबदारी असेल तर थेट कक्ष, आणि अहवाल वाचायला कॉलेजातले क्षेत्रकार्याचे (फील्डवर्कचे) सर किंवा मॅडम, मुलाचं नाव-गाव काढून.

अर्जात क्षेत्रकार्य एका ओळीत गुंडाळू नका. किती गृहभेटी, कुठल्या वयाची मुलं, किती अहवाल स्वतः लिहिले, हे सांगा. मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: मूल म्हणालं, ‘कुणाला सांगू नका,’ तर? ‘त्याचा विश्वास जपेन’ म्हणणारा तिथेच संपतो, कारण लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं पोक्सोच्या कलम 19 नुसार बंधनकारक आहे. तसं वचन द्यायचंच नाही. आपण कुणाला आणि का सांगणार, हे मुलाला त्याच्या भाषेत आधी सांगायचं.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ म्हणाले, की विचारा: माझे अहवाल कोण वाचेल? ‘आमच्याकडे ज्याचं तो बघतो’ असं उत्तर आलं, तर दुसऱ्या ठिकाणचा अर्जही त्याच संध्याकाळी भरून टाका.