मेघदूत ॲप: ढगाचं चित्र सोडा, खालचा सल्ला वाचा

सरकारचं हवामान आणि पीकसल्ल्याचं मेघदूत ॲप शेतकऱ्यानं मोबाईलमध्ये ठेवावं का, तर हो, नक्की ठेवावं. पण बरेच जण ते ज्यासाठी उघडतात, म्हणजे आज आपल्या वावरात पाऊस पडणार की नाही एवढंच बघायला, त्यासाठी ते बनलेलंच नाहीये, आणि मग दोन-तीनदा अंदाज हुकला की ॲप डिलीट. मला त्याचं वाईट वाटतं, कारण त्यातली खरी कामाची गोष्ट बघायचीच राहून जाते.

आधी थोडक्यात माहिती. २०१९ मध्ये हे ॲप आलं, भारतीय हवामान विभाग, पुण्याची आयआयटीएम (हवामान संशोधन संस्था), आयसीएआर (भारतीय कृषी संशोधन परिषद) आणि हैदराबादची इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची संशोधन संस्था यांनी मिळून केलेलं. फुकट आहे, मराठीत चालतं, नाव-नंबर टाकून आपला जिल्हा निवडायचा की झालं. मागच्या दहा दिवसांचं हवामान आणि पुढच्या पाच दिवसांचा अंदाज दिसतो, त्यात पाऊस, कमाल-किमान तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा. आणि दर मंगळवारी आणि शुक्रवारी पीकवार कृषी सल्ला येतो. हा सल्ला म्हणजे ॲपचा जीव आहे, बाकी पाऊस-तापमान तर कुठल्याही मोबाईलवर दिसतं.

आता जिल्ह्याचा अंदाज म्हणजे काय ते आमच्या नाशिक जिल्ह्यावरून सांगतो. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिमीच्या वर पाऊस आणि येवला-नांदगाव पट्ट्यात पाचशेच्या आसपास, आणि दोन्ही एकाच जिल्ह्यात! त्यामुळं जिल्ह्याचा आकडा बघून येवल्याच्या माणसानं कांद्याची लागवड ठरवली तर कसं व्हायचं. तालुक्याचा अंदाज मिळत असेल तर तोच बघा. आणि ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायत पातळीवरचा अंदाजही सुरू झालाय, तो मेरी पंचायत ॲपवर दिसतो, तासातासाचा सुद्धा. तो पण बघत जा, फक्त एक लक्षात ठेवा, मे २०२५ मध्ये अंदाज काढायची जी नवीन भारत फोरकास्ट सिस्टिम आली ती नकाशाचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाला एक अंदाज देते, आणि तो चौकोन ६ किलोमीटरचा आहे, आधी १२ चा होता. सुधारणा मोठी आहे, पण ६ गुणिले ६ म्हणजे ३६ चौरस किलोमीटर, त्यात चार-पाच शिवारं सहज बसतात. वळवाचा पाऊस तर बांधाच्या अलीकडं पडतो आणि पलीकडं धूळ उडते, तो कुठल्याच चौकोनात पकडता येत नाही.

शब्दांचे अर्थ माहीत नसले की सगळा घोळ होतो. बुलेटिनमध्ये "तुरळक ठिकाणी" लिहिलेलं असतं, त्याचा हवामान खात्याचा ठरलेला अर्थ म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस. म्हणजे चारातल्या तीन गावांत नाही पडला तरी अंदाज बरोबरच! तसंच "हलका" म्हणजे २.५ ते १५.५ मिमी, "मध्यम" म्हणजे १५.६ ते ६४.४, आणि ६४.५ पासून पुढं "जोरदार". आता "हलका ते मध्यम" एवढ्या दोन शब्दांत ३ मिमी पण आला आणि ६० मिमी पण आला, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीनं ३ मिमी म्हणजे नुसती धूळ बसली आणि ६० मिमी म्हणजे काढलेला कांदा शेतात असेल तर गेलाच. म्हणून शब्दापेक्षा ॲपमधला मिमीचा आकडा बघा, पाचही दिवसांचा. १ मिमी पाऊस म्हणजे एकराला साधारण ४ हजार लिटर पाणी, हा हिशोब डोक्यात ठेवला की पिकाला पाण्याची पाळी द्यायची का थांबायचं ते लगेच कळतं.

अजून एक, पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतात. १२ तारखेच्या रात्री पडलेला पाऊस नोंदीत १३ तारखेला दिसतो. हे माहीत नसलं की लोक म्हणतात आकडे खोटे आहेत.

मी स्वतः ॲपमध्ये पावसाच्या आधी आर्द्रता आणि वारा बघतो. कांद्यावर करपा, सोयाबीनवर तांबेरा, द्राक्षावर डाऊनी, हे सगळे रोग ढगाळ आणि दमट हवेचे सोबती आहेत, पाऊस पडायलाच पाहिजे असं काही नाही. तर सकाळची आर्द्रता नव्वदच्या घरात आणि आभाळ सलग दोन-तीन दिवस भरलेलं दाखवत असेल तर मी रोग दिसायची वाट बघत नाही, प्लॉटमध्ये जाऊन पानं उलटी करून बघतो. कृषी हवामानाच्या बुलेटिनमध्ये ढगांचं प्रमाण ऑक्टात देतात, ० म्हणजे निरभ्र आणि ८ म्हणजे पूर्ण झाकलेलं, तेवढा एक आकडा रोगाच्या बाबतीत खूप काही सांगून जातो. वारा ताशी १५ किमीच्या पुढं दाखवला की फवारणी पहाटे उरकायची किंवा पुढं ढकलायची, नाहीतर औषध शेजारच्या वावरात. आणि फवारल्यानंतर लगेच सर आली तर पैसे पाण्यात, त्यामुळं पुढचा दिवस कोरडा आहे का ते बघूनच पंप भरायचा. एवढ्यासाठी पाच दिवसांचा अंदाज उत्तम आहे, पहिल्या दोन दिवसांवर जास्त भरवसा ठेवा, चौथ्या-पाचव्या दिवसावर नुसती नजर ठेवा.

सल्ल्याबद्दल सांगायचं तर तो आपल्याच कृषी विद्यापीठांच्या केंद्रांमधून येतो, राहुरी, परभणी, अकोला, दापोली. भाषा थोडी पुस्तकी असते पण माणसं मातीतली आहेत हे कळतं, "वापसा आल्यावर आंतरमशागत करावी" (वापसा म्हणजे ओली जमीन सुकून कामाजोगी होणं) हे वाक्य कुठल्या परदेशी ॲपमध्ये मिळणार सांगा. २०२५ चंच उदाहरण घ्या. मान्सून २४ मे ला केरळात आणि २६ मे ला मुंबईत, एवढ्या लवकर मुंबईत तो १९५० पासून कधी आलाच नव्हता, सगळीकडं मे महिन्यातच रानं ओली झाली आणि बियाण्याच्या दुकानात गर्दी. पण त्याच वेळी कृषी विभाग आणि हवामान विभाग सांगत होते की पेरणीची घाई करू नका, पुढं पावसाचा जोर कमी होणार आहे. ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका हे दरवर्षी सांगतात ते उगाच नाही, मधे खंड पडला तर उगवलेलं करपतं आणि दुबार पेरणीचा खर्च बोकांडी बसतो. हा असला सल्ला वेळेवर हातात पडणं हेच ॲपचं मोल आहे.

एका गोष्टीचा मात्र मला मनापासून राग येतो. कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा कृषी हवामान केंद्रं सुरू केली होती, देशभरात १९९, तिथली माणसं तालुक्याच्या पातळीवरचा सल्ला तयार करायची, व्हॉट्सॲप ग्रुप चालवायची, शेतकऱ्याचा फोन उचलायची. २०२४ मध्ये ती बंद केली. सुपर कॉम्प्युटर आणले, चौकोन १२ वरून ६ वर आणला, सगळं चांगलं केलं, पण त्या आकड्याचा आमच्या कांद्यासाठी अर्थ काय हे सांगणारा माणूस काढून टाकला! ती केंद्रं परत सुरू झाली पाहिजेत, हे मी ज्या बैठकीत जातो तिथं बोलतो आणि तुम्ही पण बोला.

मेघदूत एकट्यानं पुरत नाही हेही खरंय. त्याच्या जोडीला दामिनी ॲप टाकाच, ते पण पुण्याच्या आयआयटीएमचं, आपल्या भोवती २० आणि ४० किलोमीटरमध्ये वीज पडतेय का ते दाखवतं. घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये पाहिजे, खास करून जो जनावरं घेऊन माळावर जातो त्याच्या, आणि ॲपनं काही दाखवलं नाही तरी गडगडाट ऐकू आला की झाडाखाली थांबायचं नाही, पक्क्या घरात यायचं. झालेला पाऊस बघायला राज्याच्या महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत, महसूल मंडळाला एक, फळपीक विम्याचा हिशोब तिथल्याच आकड्यांवर लागतो, त्यामुळं आपल्या मंडळाचं केंद्र कुठं आहे आणि त्याच्याभोवती झाडं-भिंती तर नाहीत ना हे एकदा जाऊन बघून या, काही अडचण दिसली तर फोटो काढून सहायक कृषी अधिकाऱ्याला (आधीचा कृषी सहायक) लेखी कळवा.

आणि घरी एक साधं पर्जन्यमापक लावा. उघड्यावर, झाड-भिंतीपासून लांब, रोज सकाळी साडेआठला मोजून वहीत लिहायचं, म्हणजे ॲपमधल्या आकड्याशी तारीख जुळते. दोन हंगामांच्या नोंदी झाल्या की ॲपचा अंदाज तुमच्या शिवारात कुठल्या वाऱ्याला जास्त येतो आणि कुठल्या वाऱ्याला कमी ते तुम्हालाच दिसायला लागतं.

मार्क द्यायचे तर सल्ल्याला पाचपैकी साडेचार, आर्द्रता-वारा-तापमानाला चार, आणि वळवाच्या पावसाच्या अंदाजाला दोन. नवीन टाकणाऱ्यांनी मंगळवारी-शुक्रवारी संध्याकाळी आठवणीनं उघडा आणि आपल्या पिकाचा सल्ला ज्यांच्याकडं स्मार्टफोन नाही त्या शेजाऱ्यांना वाचून दाखवा, शेअर करायचं बटण पण आहे त्यात.