दरबारी पोशाख पाहायला जायचं तर कुठे? स्टॉकहोम की लंडन

तुम्हाला राजा पाहायचा आहे की त्याचा अंगरखा? तिकीट काढण्याआधी हे स्वतःशी नक्की करा, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं.

युरोपातल्या राजघराण्यांचा नाद असलेल्या काहींना वंशावळी तोंडपाठ असतात. कोण कोणाची आत्या, कोणाचं लग्न कोणत्या तहासाठी झालं, हे ते झोपेतही सांगतील. काहींची नजर मात्र तैलचित्रातल्या चेहऱ्यावर टिकत नाही. ती बाहीच्या चुण्यांवर, जरीच्या नक्षीवर, मागे लोळणाऱ्या सोग्यावर जाते. दहा दिवसांची रजा आणि एकाच सहलीचे पैसे हाताशी असतील, तर या दोघांनी एकाच शहरात जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याआधी फ्रान्समधल्या व्हर्सायबद्दल. बहुतेकांच्या तोंडी पहिलं नाव तेच येतं. राजवाडा म्हणून तो जरूर पाहा, पण कपड्यांच्या आशेने जाऊ नका. १० ऑगस्ट १७९२ रोजी जमाव पॅरिसच्या तुइलरी राजवाड्यात घुसला, तेव्हा फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचा तिथला कपडेपटही लुटला गेला. पॅरिसच्या राष्ट्रीय अभिलेखागारात १७८२ सालची एक वही मात्र टिकून आहे. राणीच्या पोशाखांच्या कापडाचे लहान लहान तुकडे तिच्या पानांवर डकवलेले आहेत. एवढ्या मोठ्या कपडेपटाचा अंदाज आज त्या तुकड्यांवरून बांधावा लागतो.

आता स्टॉकहोम. तिथल्या राजवाड्याच्या तळघरात, दगडी कमानींखाली, लिव्हरुस्तकामारेन हे संग्रहालय आहे. आपल्याकडचा शिलेखाना आणि जामदारखाना एका छपराखाली आणावा, तसा त्याचा थाट. राजा गुस्ताव दुसरा अडॉल्फ याने १६२८ साली हुकूम काढला, की पोलंडच्या मोहिमेत आपण जखमी झालो तेव्हाचे रक्ताळलेले कपडे कायमची आठवण म्हणून जपून ठेवा. त्या हुकमातून स्वीडनचं हे सर्वांत जुनं संग्रहालय उभं राहिलं. म्हणजे सुरुवातच मुकुटाने नाही, डागाळलेल्या कपड्याने झाली.

आणि तीच तऱ्हा पुढेही चालू राहिली. त्या मोहिमेतल्या जखमेमुळे गुस्ताव अडॉल्फला लोखंडी चिलखताचा भार सोसेना, म्हणून तो एल्क हरणाच्या जाड कातड्याचा कोट घालून लढायचा. १६३२ मध्ये लुत्सेनच्या लढाईत तो त्याच कोटात पडला. शत्रूने कोट व्हिएन्नाला नेला. पहिल्या महायुद्धानंतर स्वीडनकडून मिळालेल्या मदतीची जाण ठेवून ऑस्ट्रियाने तो १९२० साली परत केला. त्या लढाईत राजा ज्याच्यावर स्वार होता तो स्ट्रायफ नावाचा घोडाही पेंढा भरून इथेच ठेवला आहे. पुढचा स्वीडिश राजा बाराव्या कार्लचा निळा गणवेश पाहा. नॉर्वेतल्या फ्रेड्रिक्स्टेन किल्ल्याला वेढा घातला असताना ३० नोव्हेंबर १७१८ च्या रात्री खंदकात त्याच्या डोक्यात गोळी लागली. टोपीला भोक आहे आणि कपड्यांवर त्या खंदकाचा वाळलेला चिखल आहे. गोळी शत्रूची की आपल्याच माणसाची, हा वाद तीनशे वर्षं चालू आहे आणि त्या टोपीवर कितीतरी जणांनी डोकं खपवलं आहे.

तिसरा गुस्ताव तर कपड्यांचा खरा शौकीन. परदेशी रेशमावर उधळला जाणारा पैसा आवरावा, म्हणून त्याने १७७८ मध्ये ‘राष्ट्रीय पोशाख’ काढला आणि दरबाराला तो लागू केला. त्यातून आलेला, पांढऱ्या फुगीर बाह्यांचा काळा झगा स्वीडिश दरबारातल्या बायकांच्या अंगावर विसाव्या शतकातही होता. १६ मार्च १७९२ रोजी ऑपेराघरातल्या मुखवट्यांच्या नाचात याच राजावर पिस्तूल झाडलं गेलं. चेहरा झाकलेला होता, पण छातीवरच्या पदकाच्या ताऱ्याने तो ओळखू आला. तेरा दिवसांनी तो गेला. त्या रात्रीचा त्याचा वेश आणि मुखवटा संग्रहालयाने जपला आहे. त्याच्याच राणीचा, सोफिया मॅग्डालेनाचा, १७६६ सालचा रुपेरी लग्नझगाही याच संग्रहातला. कमरेपासून दोन्ही बाजूंना इतका पसरलेला, की ती दारातून अंग तिरकं करून गेली असणार हे पाहताक्षणी कळतं.

वंशावळवाल्यांनी डोळे मिटून इथे जावं. प्रत्येक कपड्याला नाव आहे, तारीख आहे, बहुतेक वेळा मरणही आहे. मात्र तो झगा कसा बेतला, असाच का बेतला, असं विचारणाऱ्याची इथे पूर्ण तहान भागत नाही.

ती लंडनमध्ये भागते. पण लंडनचा माल एका जागी नाही, हे आधीच ध्यानात घ्या. केन्सिंग्टन राजवाड्याच्या दरबारी पोशाखांच्या संग्रहात सुमारे १०,००० वस्तू आहेत. त्या कायम मांडलेल्या नसतात. प्रदर्शन बदलत राहतं, आणि तुमच्या तारखांना तिथे काय असेल ते आधी पाहावंच लागतं. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे १७४० च्या दशकातला एक लाल रेशमी दरबारी झगा आहे. त्यावर साडेचार किलोच्या आसपास नुसती रुपेरी जर आहे. पैठणीच्या पदरावरची जर हाताने तोललेल्या बाईला या आकड्याचा अर्थ मी समजावून सांगायला नको. इतका पन्हा आडवा ताणून धरायचा तो या भरतकामासाठीच. तो झगा म्हणजे अंगावर घातलेली भिंतच आहे.

दरबारी पोशाख हा मुळात नियमांचा खेळ आहे, आणि ते नियम लंडनमध्ये उमगतात तसे कुठेही उमगत नाहीत. अठरावं शतक संपता संपता बाहेरच्या फॅशनमध्ये कंबर छातीखाली चढली, सरळ सुटसुटीत झगे आले. दरबारात मात्र घेराचा सांगाडा सक्तीचाच राहिला, त्यामुळे तो छातीपासूनच फुगू लागला. १८२० मध्ये चौथ्या जॉर्जने तो बंद केला तेव्हा कुठे बायका सुटल्या. पुढे डोक्यात शहामृगाची पिसं आली, लग्न झालेलीला तीन आणि कुमारिकेला दोन. लांब सोगा सावरत, राणीला पाठ न दाखवता मागे मागे सरकायचं. मुलींना दरबारात सादर करण्याची ही चाल १९५८ मध्ये थांबली.

पाठ न दाखवण्याचा हा नियम आपल्याला वेगळ्या कारणाने आठवतो. १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात बडोद्याचे सयाजीराव महाराज दागिन्यांविना, साध्या पांढऱ्या पोशाखात पाचव्या जॉर्जपुढे गेले, एकदाच लवले आणि पाठ फिरवून परतले. इंग्लंडमध्ये गहजब झाला. पिसं दोन की तीन हे ज्या दरबारात ठरलेलं होतं, तिथे त्या साध्या पांढऱ्या कपड्याचं वजन किती असेल, हे मला लंडनचे नियम वाचल्यावर नीट कळलं.

लंडनमध्ये एक जागा लोक हमखास चुकवतात, ती म्हणजे वेस्टमिन्स्टर ॲबेच्या वरच्या मजल्यावरची दालनं. २०१८ पासून ती खुली आहेत. तिथले पुतळे राजा-राण्यांचे आणि सरदारांचे, आणि त्यांतल्या अनेकांच्या अंगावरचे कपडे खरे. दुसऱ्या चार्ल्सच्या पुतळ्यावरची गार्टर वस्त्रं, म्हणजे ‘गार्टर’ या मानाच्या सरदारमंडळाचा पोशाख, या प्रकारातली सर्वांत जुनी मानली जातात. रिचमंडच्या डचेसच्या अंगावर १७०२ च्या राज्याभिषेकाचा तिचा पोशाख आहे आणि शेजारी तिचा पाळलेला पोपट.

शिवणकाम करणाऱ्यांनी पूर्व लंडनमधलं व्हिक्टोरिया अँड अल्बर्टचं नवं कोठार सोडू नये. ते २०२५ मध्ये उघडलं. किमान दोन आठवडे आधी पाचपर्यंत वस्तू निवडून नोंदवल्या, की त्या तुमच्यासाठी बाहेर काढतात, तेही फुकट. काचेआडून न दिसणारी अस्तराची शिवण तिथे जवळून पाहता येते.

कोपनहेगन आणि व्हिएन्ना माझ्या यादीत जोडीला आहेत, मुख्य म्हणून नाहीत. कोपनहेगनच्या रोसेनबोर्ग वाड्यात डेन्मार्कचा राजा चौथ्या क्रिस्तियानचे १६४४ च्या आरमारी लढाईतले रक्ताळलेले कपडे आहेत. त्या लढाईत त्याचा एक डोळा गेला. स्टॉकहोमहून रेल्वेने साधारण पाच-साडेपाच तासांत पोचता येतं, त्यामुळे ही जोडी झकास जमते. व्हिएन्नाला सिसीच्या, म्हणजे ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथच्या, नावाने गर्दी लोटते. मी मात्र तिथे जाईन तो राजकोषातल्या एका पायघोळ शालीसाठी. सिसिलीचा राजा दुसऱ्या रॉजरसाठी पालेर्मोत ११३३-३४ मध्ये केलेली, लाल रेशमावर सोन्याने भरलेली, उंटांवर झेपावणारे सिंह आणि काठाला अरबी लेख. ख्रिस्ती सम्राटांनी पुढे कित्येक शतकं राज्याभिषेकाला तीच पांघरली.

खर्चाचं गणितही बघा. स्टॉकहोम, कोपनहेगन आणि व्हिएन्ना एका शेंगेन व्हिसात होतात. लंडनला वेगळा व्हिसा, वेगळा अर्ज, वेगळी फी. शिवाय जुनं रेशीम उजेडात फार काळ ठेवत नाहीत. दालनं अंधुक असतात आणि वस्तू अधूनमधून आत जातात, तेव्हा अमुकच झगा पाहायचा असेल तर निघण्याआधी संग्रहालयाला ईमेल करून खात्री करा. यंदा जमत नसेल, तर लिव्हरुस्तकामारेनने आपल्या हजारो वस्तूंची मोठ्या आकाराची छायाचित्रं विकिमीडिया कॉमन्सवर सर्वांसाठी खुली केली आहेत. टाका न् टाका दिसतो.

मला विचाराल तर पहिली सहल स्टॉकहोमची करा आणि रेल्वेने कोपनहेगन जोडा. एका इमारतीत, एका दुपारी इतकं नेमकं दुसरीकडे मिळत नाही. घरी शिवणयंत्र असेल आणि दरबारी झगा स्वतः बेतून पाहायची इच्छा असेल, तर मात्र माझं ऐकू नका. सरळ लंडनचा व्हिसा काढा आणि कोठारातल्या पाच वस्तूंची यादी आजच करायला घ्या.