पीटर्सबर्गमध्ये राजा-राणीसोबत फोटो काढताय? आधी हे वाचा (आमचे ५००० गेले)

ई-व्हिसा मिळायला लागल्यापासून आपल्याकडची बरीच मंडळी रशियाला जातायत आणि मॉस्कोला जोडून सेंट पीटर्सबर्ग होतंच, म्हणून लिहितेय. आम्ही जूनमध्ये गेलो होतो, मी, नवरा आणि सासूबाई. शहर एक नंबर आहे, त्याबद्दल काही तक्रार नाही. तक्रार एका राजाबद्दल आहे.

झालं असं की हर्मिटाज म्युझियम सोमवारी बंद असतं हे आम्ही बघितलंच नव्हतं (चूक आमचीच), दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो, मग समोरच्या पॅलेस स्क्वेअरवर टाइमपास सुरू. विंटर पॅलेस, तो हिरवा-पांढरा, बाहेरूनच इतका लांबलचक की एका फोटोत मावत नाही. चौकाच्या मधोमध अलेक्झांडर कॉलम आहे, साडेसत्तेचाळीस मीटर, नेपोलियनला हरवल्याची आठवण म्हणून १८३४ मध्ये उभारलेला. तो खाली कशानेही जखडलेला नाही, नुसता स्वतःच्या वजनावर उभा आहे, असं नवरा आईंना समजावत होता आणि आईंचं लक्ष भलतीकडेच.

भलतीकडे म्हणजे तीन जण दरबारी पोशाखात फिरत होते तिकडे. पीटर राजा, मिशी, तीन कोनांची टोपी. कॅथरीन द ग्रेट, हा एवढा फुगलेला घागरा आणि पांढरा विग. आणि एक सरदार टाइप माणूस. आईंची साडी बघून राजा लांबूनच ओरडला, "इंदिया! नमस्ते! राज कपूर!" झालं, आई विरघळल्या. (नंतर हॉटेलवर बघितलं तर पीटर वारला १७२५ ला आणि ही कॅथरीन जन्मली १७२९ ला. जोडीच खोटी, पण तेव्हा कुठे डोकं चालतंय.)

मी विचारलं, हाऊ मच? राणीने दोन बोटं दाखवली, टू हंड्रेड. रुबल साधारण आपल्या रुपयाच्या आसपासच, म्हटलं दोनशे तर दोनशे. तोवर राणीने आईंच्या हातात पंखा दिला, डोक्यावर पिसांची टोपी ठेवली, स्वेटर आणि मफलरवर पिसांची टोपी, मलाच हसू आवरेना. सरदार म्हणाला तुम्ही पण उभे राहा, मी काढतो, आणि माझ्या हातातून फोन घेतला. इथे आम्ही फसलो. फोन आपण कौतुकाने देतो हो, कोणीतरी सगळ्यांचा एकत्र फोटो काढतोय म्हणून. तो राजाच्या बाजूने काढतोय, राणीच्या बाजूने काढतोय, मध्येच स्वतः घुसून सेल्फी काढतोय आणि आम्ही आपले दात दाखवतोय.

मग दोनशे द्यायला नवऱ्याने पाऊच उघडलं. आपली व्हिसा-मास्टरकार्डं तिथे २०२२ पासून चालत नाहीत त्यामुळे सगळी कॅश अंगावर, आणि दोनशे शोधताना पाच हजारांच्या केशरी नोटा बाहेर डोकावल्या. राणीने त्या बघितल्या, मी तिला बघताना बघितलं.

सरदाराने माझ्याच फोनवर कॅल्क्युलेटर काढून तोंडासमोर धरला. २०० गुणिले १४ गुणिले ३. म्हणजे दोनशे हा एका फोटोचा भाव, तोही एका माणसाचा. ८४०० रुबल!! मी म्हटलं, यू सेड टू हंड्रेड. येस येस, वन फोटो वन पर्सन. राजाला आतापर्यंत राज कपूर म्हणता येत होतं, अचानक इंग्लिशचा एक शब्द कळेना. नवरा म्हणाला पोलिसांना बोलावतो, सरदार हसून म्हणाला ओके ओके, पण फोन काही सोडेना. आरडाओरडा नाही, धक्काबुक्की नाही, नुसते तिघे तीन बाजूंनी उभे राहिले, घागरा एवढा मोठा की एक बाजू तिनेच अडवली होती. आई घाबरून म्हणाल्या, "दे रे बाबा काय ते, फोन घे आधी." शेवटी घासाघीस करून पाच हजारांची एक नोट दिली. राणीने ती हातमोज्यात सरकवली आणि वर आईंना फ्लाइंग किस.

हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुलीला सांगितलं तर तिला काहीच नवल वाटलं नाही. म्हणाली, सरळ न्येत, स्पासीबा म्हणायचं (नको, थँक्यू) आणि चालत राहायचं, थांबलात की संपलं. फोटो हवाच असेल तर किती माणसं, किती फोटो, एकूण किती, हे आधी आकड्यात टाइप करून दाखवा आणि फोन घरच्याच माणसाच्या हातात ठेवा. अंगावरच यायला लागले तर तिथे ११२ आहे. आम्ही त्यानंतर सुट्टे शंभर-दोनशे वेगळ्या खिशात ठेवायला लागलो, पाऊच रस्त्यात उघडलंच नाही.

दोन दिवसांनी ज्या चर्चच्या जागी १८८१ मध्ये झार अलेक्झांडर दुसरा याच्यावर बॉम्ब टाकला होता, ते रंगीत घुमटांचं चर्च बघायला गेलो, तर तिथे कालव्याकाठी दुसरी राजा-राणीची जोडी उभी. यावेळी आईच पुढे झाल्या, हात वर करून "न्येत न्येत न्येत" करत, अगदी भाजीवाल्याला झटकतात तशा.

आणि ते १४ फोटो? पाचात त्या सरदाराचं बोट आलंय, तीन हललेत. एक मात्र खरंच छान आलाय, पिसांची टोपी, पंखा, मागे हिरवा महाल. तोच आईंचा डीपी आहे सध्या, आणि कोणी विचारलं तर त्या दोनशे रुपये सांगतात.