मॅक्युलाची सूज: व्हीईजीएफरोधक इंजेक्शन की स्टेरॉइड इम्प्लांट?

मधुमेहात दृष्टिपटलाच्या केशवाहिन्यांना रक्तातल्या पांढऱ्या पेशी चिकटतात, भिंती झिरपू लागतात आणि मॅक्युला, म्हणजे स्पष्ट नजरेचा पटलाचा मधला भाग, सुजतो. म्हणजे दुखणे नुसत्या साखरेचे नाही, रोगप्रतिकारशक्तीचेही आहे. औषधाची निवड इथूनच समजून घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट या डोळ्यात टोचायच्या औषधांचा मुख्य रोख व्हीईजीएफ या वाहिन्या झिरपवणाऱ्या प्रथिनावर. झिरपणे कमी होते, नजर सुधारते. बहुतेकांसाठी पहिली पसंती हीच. पण सुरुवातीला दर महिन्याला सुई, आणि काहींची सूज तरीही हटत नाही. अशा डोळ्यांत आयएल-६, एमसीपी-१ यांसारखे दाह वाढवणारे इतर रेणूही सक्रिय असू शकतात.

डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची डोळ्यात बसवायची, विरघळणारी बारीक कांडी (इम्प्लांट) तिथे उपयोगी पडते. ती व्हीईजीएफसह दाहाचे अनेक मार्ग एकदम दाबते आणि काही महिने पुरते. बदल्यात मोतीबिंदू लवकर येतो, डोळ्यातला दाब वाढू शकतो. काचबिंदू बळावलेला असेल तर नकोच. मोतीबिंदूचे ऑपरेशन आधीच झाले असेल, तर पारडे तिच्याकडे झुकते. अमेरिकेत २०१४ साली या सुजेसाठी पहिली मान्यताही तिला अशाच रुग्णांसाठी आणि ऑपरेशन ठरलेल्यांसाठी मिळाली होती.