आरे-येऊरच्या कच्च्या वाटांसाठी स्ट्रावा, कोमूट की आणखी काही?

मुलुंडच्या आमच्या रविवारच्या टोळीत दोघांनी नव्या एमटीबी म्हणजे माउंटन बाइक घेतल्यात आणि दोघांचा पहिला प्रश्न एकच, राइडसाठी ॲप कुठलं टाकू? डांबरी रस्त्यावरच फिरणार असाल तर कुठलंही टाका, मरीन ड्राइव्हला सगळी सारखीच. पण मुंबईतल्या आरेच्या पाड्यांमागून नाहीतर ठाण्यातल्या येऊरच्या बाजूला कच्च्या वाटेला लागणार असाल तर जरा थांबा, कारण ती वाट आपल्या एकट्याची नाहीये, तिथे मोळी घेऊन येणारी बाई असते, शेळ्या असतात, सकाळी चालायला आलेले काका असतात आणि बिबट्याचं तर घरच आहे ते.

स्ट्रावा आधी घेतो, कारण सगळी पब्लिक तिथेच आहे. २००९ पासूनचं ॲप, राइड रेकॉर्ड करणं फुकट, पूर्ण लीडरबोर्ड, म्हणजे कोण किती फास्ट याची यादी, मात्र २०२० पासून पैसे भरणाऱ्यांनाच. खरी नशा सेगमेंटची. वाटेचा कुठलाही तुकडा कुणीतरी सेगमेंट म्हणून टाकतो आणि मग तिथून जाणाऱ्या प्रत्येकाची वेळ लागते, सगळ्यात फास्ट त्याला केओएम, म्हणजे 'किंग ऑफ द माउंटन'. चढावर ठीक आहे हो, तिथे दम लागून आपलाच जीव जातो, दुसऱ्याला काय त्रास. उतारावर वाट लागते. गेल्या वर्षी मे महिन्यात आरेत मी असाच चार सेकंद वाचवायला ब्रेक न लावता आलो आणि वळणावर एक आजोबा, डोक्यावर गवताचा भारा, बाजूला व्हायला जागाच नाही, मग मीच हँडल वळवून करवंदीच्या जाळीत. ढोपर सोललं. आजोबांनी भारा खाली ठेवला, मला उठवलं आणि एवढंच विचारलं, "घंटी नाय का सायकलला?" नव्हती. वजन वाढतं म्हणून मीच काढून टाकलेली.

असा सेगमेंट धोकादायक म्हणून फ्लॅग करता येतो, मग त्याचा लीडरबोर्ड दिसत नाही. मी केला, ग्रुपवर शिव्या पण खाल्ल्या.

दुसरी भानगड हीटमॅपची. जिथून जास्त लोक जातात ती रेघ चमकते, नवीन माणूस ती बघून आत शिरतो, रेघ आणखी चमकते. २०१८ च्या सुरुवातीला याच हीटमॅपवर जगभरातले लष्करी तळ उघडे पडले होते, मग जंगलातली एक पायवाट काय चीज आहे. आणि रेघ म्हणजे परवानगी नव्हे. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो, चौकीवरच्या गार्डला मोबाइल दाखवून काही उपयोग नाही.

कोमूट जर्मन, २०१० चं, आणि त्याचा जोर रूट आखण्यावर. डांबर किती, कच्चा किती, चढ किती हे निघायच्या आधीच कळतं, शर्यतीचं वेड जवळपास नाही, त्यामुळे शेअर्ड वाटांसाठी मला हे जास्त सभ्य वाटतं. पण नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, तो कुणालाही भर घालता येतो असा, म्हणजे जमिनीवर वाट दिसली की कुणीतरी ती काढून ठेवणार. इंग्लंडमध्ये १९६८ च्या कायद्याने घोडेवाटेवर म्हणजे ब्रायडलवेवर सायकलला हक्क मिळाला, चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी जाऊ द्यायचं या अटीवर, साध्या फुटपाथवर म्हणजे तिथल्या फक्त चालायच्या पायवाटेवर तो हक्क नाही, आणि हा फरक तिथल्या नकाशात नोंदलेला असतो. आपल्या पायवाटेवर असं काही लिहिलेलं नसतं, ॲप बिचारं आत्मविश्वासाने पाड्यातल्या कुणाच्या तरी अंगणातून नेतं. २०२५ मध्ये बेंडिंग स्पून्स या इटालियन कंपनीने कोमूट विकत घेतलं, तेव्हा पैसे भरायच्या आधी आत्ताचे प्लॅन नीट वाचा.

ट्रेलफोर्क्स खास एमटीबीवाल्यांचं, ट्रेल उघडा की बंद हे दाखवतं, बिनपरवानगीचे ट्रेल वेगळे मार्क करायची सोय आहे. कल्पना तिघांत सगळ्यात चांगली, पण ते अपडेट करणारी स्थानिक मंडळी लागतात. आपल्याकडे त्याच्या भरवशावर निघू नका.

त्या दोघांना मी सांगितलं ते असं. रूट कोमूटवर बघा, मग पाड्यात नाहीतर चौकीवर तोंडाने विचारा. रेकॉर्डिंग स्ट्रावावर चालेल, पण कच्च्या वाटेची राइड 'फक्त मी' वर ठेवा, म्हणजे ती लीडरबोर्डवर जात नाही आणि हीटमॅपवरही नाही. एकाचं तोंड पडलं, म्हणे मग मजा काय. त्याने खुशाल घोडबंदर रोडवर केओएम मारावा.

आणि हो, स्ट्रावावर राइडची सुरुवात आणि शेवट लपवायचं सेटिंग पहिल्याच दिवशी करा, १.६ किलोमीटरपर्यंत लपतं. ७० हजारांची सायकल कुठल्या बिल्डिंगच्या जिन्याखाली उभी असते हे अख्ख्या मुलुंडला कळायची गरज नाही.